बाईंनी साहेबांना नापास केलं

सरकारला प्रेमपत्रं लिहावीत तसे अर्ज लिहिणारी बाई अख्ख्या महाराष्ट्रात एकच झाली, आणि ती जुईनगरला आमच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. आमची शाळा अनुदानित, म्हणजे पगार सरकारचा आणि बाकी सगळं देवाचं. खडू संपले तरी बाई शिक्षण खात्याला चार पानी अर्ज पाठवत. उत्तर यायचं नाही. मग त्या न आलेल्या उत्तराबद्दल आभाराचं पत्र पाठवत. "एवढं सौजन्य बघून तरी लाजेल कुणी," असं मला, म्हणजे शाळेतल्या मराठीच्या मास्तरला, त्या गंभीरपणे सांगत. लग्नाच्या पंगतीत कुणी "जिलबी मिळाली नाही" म्हणालं, तर "मागणी लेखी दिलीत का?" असं विचारणाऱ्या या बाई!

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत आजूबाजूला सोसायट्या भराभर उठत होत्या. बाईंनी जिन्याखालच्या खोलीत ऐकू न येणाऱ्या मुलांचा वर्ग काढला. मुलं सात. त्यांच्या खास शिक्षिकेच्या पदाला मंजुरी मिळावी म्हणून बाईंनी इतके अर्ज केले, की शेवटी कंटाळून एक साहेब तपासणीला आले.

"मॅडम, कशाला टेन्शन घेता?" साहेब म्हणाले. "नेहमीच्या वर्गात बसवा ना यांना. वेगळी टीचर कशाला?"

बाईंनी हसून कापसाचे दोन बोळे पुढे केले. "साहेब, कानात घाला. पाचच मिनिटं." साहेबांना सातवीच्या शेवटच्या बाकावर बसवून त्यांनी मला धडा शिकवायला लावलं, आणि मग कागदावर पाच प्रश्न लिहून साहेबांपुढे ठेवले. साहेबांना एकही आला नाही.

"अहो, हे मास्तर फळ्याकडे तोंड करून बोलत होते!"

"रोज तसंच बोलतात," बाई म्हणाल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. बाईंनी शांतपणे कागदावर 'प्रगती असमाधानकारक' असा शेरा मारला आणि पालकांच्या जागी साहेबांचीच सही घेतली.

साहेब पाय आपटत गेले, पण मंजुरी आली. यायला दोन वर्षं मात्र लागली. पेढे वाटायचे सोडून बाई मला घेऊन घणसोली गावात गेल्या. वर्गातली सगळ्यात मोठी मुलगी मधल्या काळात शाळा सोडून घरी बसली होती.

"आता कंची शाला, बाई?" तिची आई म्हणाली. "पोर मोठी झाली हाय. रबाल्याला कंपनीन जाते, पॅकिंगला."

मंजुरीचं पत्र बाईंच्या पर्समध्ये होतं. ते त्यांनी बाहेर काढलंच नाही. एवढंच विचारलं, "सुट्टी कधी असते तिला?"

पुढे एका सुट्टीच्या दिवशी मी भाड्याची खोली बघायला घणसोलीत गेलो, तेव्हा बाई आणि ती मुलगी तिच्या घराच्या ओट्यावर दिसल्या. मुलीचा एक हात बाईंच्या गळ्यावर, दुसरा स्वतःच्या. बाई सावकाश म्हणत होत्या, "आई." मुलीच्या घशातून काहीतरी घोगरं निघालं. बाईंनी मान हलवली आणि पुन्हा म्हटलं. तिनंही पुन्हा म्हटलं, या वेळी जरा सरळ.

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो मध्येच थांबला.