कुठला गुडघा, डॉक्टर?

डॉक्टरने लिहिलेला केसपेपर डॉक्टरच्याच टेबलावर परत आणून ठेवणारा कारकून मी आयुष्यात एकच पाहिला. महाडच्या आमच्या लहानशा रुग्णालयात ते नोंदींचं काम बघत. सगळे त्यांना तात्या म्हणत. मनातल्या मनात मी आणखीही बरंच काही म्हणत असे.

साल साठच्या आसपासचं. मी नुकताच डॉक्टर होऊन आलो होतो. ओट्यावर पार पोलादपूरहून आलेले रोगी ताटकळलेले असायचे आणि तात्या चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "गुडघा सुजला असं लिहिलंत. कुठला गुडघा, डॉक्टर? माणसाला दोन असतात."

सरकारच्या यादीत प्रत्येक आजाराला एक आकडा होता. महिनाअखेरीस त्या आकड्यांचा तक्ता अलिबागला जायचा. सांध्यात पू आहे, क्षय आहे की नुसता वात, हे कळल्याशिवाय तात्या आकडा घालत नसत.

"घाला हो अंदाजाने!" मी वैतागून म्हणायचो.

"पावसाचा अंदाज करावा, डॉक्टर. गुडघ्याचा करू नये."

एकदा उमरठच्या वरच्या वाडीतून भागीरथी नावाच्या बाईला डोलीतून आणलं. उजवा गुडघा टरारून सुजलेला, अंगात ताप. मी सुईने पू काढला, पेनिसिलिन सुरू केलं. काही आठवड्यांनी ती घरी निघाली, तेव्हा घाईत कागदावर 'संधिवात' लिहून मी मोकळा झालो.

दहा मिनिटांत कागद परत. "पू काढलात आणि संधिवात लिहिलात?"

"तात्या, बाई बरी होऊन घरी चालली. आता काय फरक पडतो?"

"बाई चालली. कागद इथेच राहणार आहे."

मी पेन आपटलं. ते खुर्ची ओढून बसलेच. पू कसा होता, सुई कितीदा घातली, औषध किती दिवस दिलं, सगळं माझ्याकडून लिहून घेऊनच उठले. त्या दुपारी मी जेवलो नाही.

पुढच्या वर्षी मी रजेवर असताना भागीरथी पुन्हा आली. ताप नव्हता, गुडघा जरासा सुजलेला. बदली डॉक्टर तेल आणि गोळ्या देऊन तिला वाटेला लावणार होते. तात्यांनी जुना कागद शोधून त्यांच्यापुढे ठेवला. तो वाचून त्यांनी तिला त्याच दिवशी मुंबईला धाडलं. जंतू हाडात उतरले होते. शस्त्रक्रिया झाली. गुडघा कायमचा ताठ झाला, पण पाय वाचला.

काही महिन्यांनी ती काठी टेकत आली आणि वाकता येत नसतानाही माझ्या पाया पडू लागली. नवरा म्हणाला, "डाक्टर, तुमी समदं लिवून ठेवलंत म्हणून हिचा पाय हाय. नायतर कापायाच लागला असता."

तात्या दारातच उभे होते. 'यांच्या पाया पडा,' एवढंच मला म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही.

ती दोघं गेल्यावर तात्यांनी हातातले दोन कागद माझ्यापुढे ठेवले. "यांच्यावर तारखा नाहीत."

मी मुकाट्याने घातल्या.

लवकरच माझी बदली झाली. तात्या एसटी स्टँडवर पोचवायला आले. गाडी सुटेपर्यंत आम्ही पावसापाण्याचं बोललो. वर्षभराने ते गेल्याचं कळलं.