हॉटेल दिसेल तिथपर्यंत

ऑफिसच्या कामासाठी अमेरिकेतल्या शॉमबर्गहून ओसाकाला गेलो होतो. रविवार मोकळा मिळाला, म्हणून जवळचा किल्ला पाहायला निघालो. हॉटेलच्या दारात आईशी फोनवर बोलत होतो. फोन ठेवला तेव्हा मागून आवाज आला, "मराठी का?"

सत्तरीचे काका होते. शर्टाच्या खिशाला सेफ्टी पिनने हॉटेलचं कार्ड लावलेलं. मुलगा आणि सून नातवंडांना घेऊन थीम पार्कला गेले होते.

"त्या पाळण्यांत मला बसवत नाही. किल्ला तेवढा पाहायचाय. पण मुलगा म्हणतो, बाबा, हॉटेल दिसेल तिथपर्यंतच फिरा."

"मुलाला फोन करून सांगा, काका. मी आहे बरोबर."

मुलगा हो म्हणाला. काका निघाले, पण दर दहा पावलांनी वळून हॉटेलची पाटी बघत. एका वळणावर ती दिसेनाशी झाली, तेव्हा त्यांनी माझी बाही धरली. आठवडाभरात मला कुणाचा हात लागला नव्हता.

खंदकापाशी ते बराच वेळ किल्ल्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अमेरिकेत मुलाकडे राहतो, तिथेही मी घर दिसेल तिथपर्यंतच फिरतो. सहा वर्षं झाली, कोपऱ्यापलीकडे काय आहे, ठाऊक नाही."

मला कॉलेजात पोचवायला आलेले माझे वडील शहरात असेच बाही धरून चालले होते. तेव्हा मला लाज वाटली होती.

काकांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आता शॉमबर्गच्या फुटपाथवर कुणी म्हातारं माणूस मागे वळून बघताना दिसलं, की मी गाडी हळू करतो.