मिस डोनांचा स्टेक आणि आमची धास्ती

ट्रिपला गेलं की फोटो साठतात. अमेरिकेत, मॉरिसव्हिलमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मात्र एका पदार्थाचे किस्से साठलेत. आता हसत सांगतो, पण त्या त्या वेळी प्रत्येकाचे हातपाय गार पडले होते!

पदार्थ शिकवला खालच्या मजल्यावरच्या मिस डोनांनी. सत्तरीच्या, जन्मापासून इथल्याच. स्टेकचा, म्हणजे बीफचा, पातळ तुकडा ठोकून मऊ करायचा, मैद्यात, मग अंडं फेटलेल्या ताकात, पुन्हा मैद्यात घोळवून तळायचा. वर दुधाची, मिरी घातलेली ग्रेव्ही.

मला गरम तेलाची भीती. पहिलाच तुकडा मी लांबून टाकला आणि तेल मनगटावर उडालं. माझा हात नळाखाली धरून मिस डोना म्हणाल्या, "लांब उभी राहिलीस, म्हणूनच भाजलीस."

---

वरच्या मजल्यावरचा निखिल नागपूरचा, एकटा, वर्क व्हिसावर. शनिवारी दुपारी तो लाकडी हातोडीनं स्टेक ठोकत होता. दारावर थाप पडली. हातोडी हातात तशीच ठेवून त्यानं दार उघडलं, तर समोर दोन पोलीस.

"ते खाली ठेवा," एक जण शांतपणे म्हणाला.

निखिलनं हातोडी खाली ठेवली, हात वर केले. टी-शर्टवर मांसाचे लाल डाग. घरात कुणाला तरी मारहाण चाललीय, असा फोन कुणीतरी केला होता. पोलिसांनी घर पाहिलं, किचन पाहिलं आणि ते निघाले. जाताना धाकट्यानं विचारलं, "ताक घालतोस ना?"

"यार, हात वर ठेवूनच मी 'येस' म्हणालो," निखिल सांगतो.

---

माझा नवरा अभय एकदा तेल तापत ठेवून ऑफिसच्या कॉलवर गेला. मी किचनमध्ये आले तेव्हा पॅनमधून ज्वाळा निघत होत्या आणि मागून अभय पाण्याचा जग घेऊन धावत येत होता. मी त्याला कोपरानं ढकललं, पॅनवर झाकण टाकलं, गॅस बंद केला.

मग दोघंही फरशीवर बसलो. त्यानं विचारलं, "मी पाणी ओतलं असतं, तर तेल आणखी भडकलं असतं ना?"

"हो."

त्यानं जगमधलं पाणी पिऊन टाकलं.

---

पण मी सगळ्यात जास्त घाबरले ते सासूबाई पुण्याहून आल्या होत्या तेव्हा. आई चिकन खातात, बीफ कधीच नाही. आम्ही खातो, हेही त्यांना माहीत नव्हतं. त्या एका काकूंकडे हळदीकुंकवाला गेल्या, म्हणून मी हाच स्टेक करून मिस डोनांना जेवायला बोलावलं. आई तासभर आधीच परतल्या.

"हे काय आहे?" त्यांनी ताटाकडे बोट दाखवत विचारलं.

"चिकन फ्राइड स्टेक," मिस डोना कौतुकानं म्हणाल्या. चिकनसारखा तळतात म्हणून हे नाव, चिकन त्यात औषधालाही नसतं! त्यांनी एक तुकडा आईंच्या ताटात वाढलासुद्धा. अभयचा चेहरा पांढरा पडला.

"आई, ते..." मी म्हणाले.

"आधी जेवू दे गं, भूक लागलीये."

आईंनी ताट स्वच्छ केलं.

पुढचे तीन दिवस मी त्यांच्याकडे सरळ बघू शकले नाही. चौथ्या दिवशी त्या परतीची बॅग भरत होत्या. मी शेजारी बसले आणि रडत रडत सगळं सांगितलं. त्या साडीची घडी घालत राहिल्या. घडी बॅगेत ठेवली, हातानं सपाट केली.

"त्या बाईंकडून रेसिपी नीट लिहून घे," त्या म्हणाल्या. "वर नुसतं 'चिकन' लिही."