हेडमास्तरांची ओटी

साऱ्या मावळात खरं बहिरं माणूस एकच होतं, ते म्हणजे आमची दूधवाली मावशी. लोक उगाच तिच्या लेकीला बहिरी म्हणत. लेकीला काहीच ऐकू येत नसे हे खरं; पण मावशीला 'नाही' हा शब्द ऐकू येत नसे, आणि माझ्या मते हे दुखणं जास्त भयंकर होतं. पासष्ट सालाच्या आसपासची गोष्ट. कुसगावहून ती डोक्यावर चरवी घेऊन लोणावळ्यात रतीब घालायला यायची. मागून लेकीचं बोट धरून मावशीचा नवरा, तोंडातून अवाक्षर न काढणारा देवमाणूस. मी शाळेत नवाच मास्तर लागलेलो. मावशी माप भरायची, ते आमच्या पातेल्यावर अधांतरी धरायची आणि विचारायची, "माज्या पोरीला साळंत कवा घेताय?" उत्तर मिळेपर्यंत दूध पडत नसे. बंगल्यांत हवा खायला आलेल्या मुंबईकरांनाही तिनं सोडलं नाही. एका नव्या नवरीनं घाबरून "उद्या घेऊ" म्हणून टाकलं, तर दुसऱ्या दिवशी मावशी लेकीला न्हाऊमाखू घालून तिच्या दारात हजर.

आमचे हेडमास्तर कडक ब्रह्मचारी. बाईमाणसाशी बोलताना ते भिंतीवरच्या नकाशाकडे बघत. इथं अशा मुलांना शिकवायची सोय नाही, हे त्यांनी नकाशाला कितीदा तरी सांगून पाहिलं. एका सोमवारी मावशी ऑफिसात शिरली, तेव्हा मी तिथंच होतो. तिनं खण, नारळ आणि ओंजळभर तांदूळ सरळ हेडमास्तरांच्या धोतरात घातले. बायकांची ओटी भरतात हे ठाऊक होतं. पुरुषाची, तीही हेडमास्तरांची, भरलेली मी जन्मात पाहिली नव्हती. त्यांना शब्द फुटायच्या आत तिनं आठ वर्षांची लेक उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली. "पोर तुमच्या ओटीत घातली, गुर्जी. आता शिकवा, न्हाईतर टाकून द्या." नवरा दारात हात जोडून उभा. ओटी सांडू नये म्हणून हेडमास्तर धोतराचा सोगा धरून बसून राहिले, तास संपून गेला तरी.

पोरगी वर्गात बसू लागली. फळ्यावरचं हुबेहूब उतरवायची, पण त्यातलं एकही अक्षर तिला कळत नव्हतं, आणि ते पाहून आमचा जीव तुटायचा. हेडमास्तर रजा काढून पुण्याला गेले, अशा मुलांची शाळा शोधून आले आणि म्हणाले, "मुलीला तिथंच ठेवावं लागेल."

मावशीचा चेहरा उतरला. "तुमच्या ओटीत घातली, गुर्जी. पुन्याच्या न्हाई."

"माझ्या ओटीत आहे ना? मग मी म्हणतो ते ऐका." या वेळी ते नकाशाकडे बघत नव्हते.

आणि काय सांगू, नवरा बोलला. "जाऊ दे तिला. शिकंल ती." त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि मावशीही बहुधा बऱ्याच वर्षांनी.

दोनेक वर्षांनी, दिवाळीच्या सुट्टीत, लेक आईबरोबर रतिबाला आली. शाळेत ती ओठ वाचायला शिकली होती, म्हणून मी तिच्याकडे बघून सावकाश विचारलं, "कशी आहेस?" सवयीनं मावशीनंच सुरुवात केली, तिला हे आवडतं, ती असं करती. लेकीनं तिचा दंड धरला, आणि घोगऱ्या, जड आवाजात, पण साफ म्हणाली, "आई, तू गप. मी सांगते."

मी हादरलोच. मावशीनं खरोखर तोंड मिटलं. लेक एकेक शब्द जुळवत शाळेचं सांगत राहिली आणि मावशी उंबऱ्यावर बसून ऐकत राहिली.

जाताना पदरानं डोळे पुसत मावशी म्हणाली, "ऐकलंत न्हवं, मास्तर? मला गप म्हनली."

त्यानंतर मावशी कुणाशी भांडली नाही. भांडायला कारणच उरलं नव्हतं. मला मात्र मापागणिक चालणारं ते भांडण अजून आठवतं, आणि चुकल्याचुकल्यासारखं होतं.