केरबाची वाट आणि कुंकू लावलेली सीडी

मंगळवार, १२ मार्च २०१३. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि अजिनाथनं आपल्याच घरच्या कॉम्प्युटरचा पत्रा उघडला होता. बारका स्क्रू ड्रायव्हर दातांत, मांडीवर चाळीस जीबीची जुनी हार्ड डिस्क. नऊ वर्षांपूर्वीच्या एका फाइलीसाठी तो ती नव्या मशिनला जोडत होता. त्याचा धाकटा भाऊ कृष्णा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याला दोनदा बसायला सांगून झालं होतं.

शहर तेव्हा औरंगाबाद होतं. दौलताबाद रस्त्यावर पडेगावात अजिनाथचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर आणि त्याच्यासमोर पलंग. पलंगावर वडील, केरबा; मुलं त्यांना आबा म्हणत. डिसेंबरात लकवा मारल्यावर त्यांना घाटी दवाखान्यात आणलं होतं. तेव्हापासून ते इथंच होते. उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती. सगळं कळत होतं. हो म्हणायचं असलं की डाव्या हाताचा अंगठा वर करत.

दौलताबादच्या किल्ल्याखाली, गावाकडं, कृष्णाच्या त्रेपन्न मेंढ्या होत्या. आज त्यांच्यामागं त्याची बायको होती. विहीर संक्रांतीलाच आटली होती आणि टँकरचं पाणी माणसांनाच पुरत नव्हतं. शनिवारी एक व्यापारी कळप बघून गेला होता. इसार दिला-घेतला नव्हता, पण बुधवारी सकाळी सातला गावातल्या फकिरा नावाच्या ड्रायव्हरचा टेम्पो येऊन मेंढ्या नेणार, असं ठरलं होतं. मेंढ्या राखायच्या तर जागा एकच होती. जायकवाडीचं पाणी मागं हटल्यावर धरणाचा तळ उघडा पडतो आणि गाळात हरळी येते. वाईट वर्षी केरबा कळप तिकडं नेत. शहाऐंशीला नेला, दोन हजार तीनला नेला. एरवी त्यांची वाट कन्नडच्या डोंगराकडं असे, आणि कृष्णाला तेवढीच माहीत होती. तीनच्या दुष्काळात तो चितेगावच्या एका कंपनीत ठेकेदाराकडं कामाला होता. जायकवाडीच्याच रस्त्यानं जायचा, पण कंपनीच्या बसनं.

दुष्काळात कुणाच्याही विहिरीवर कळप घेऊन जाता येत नाही. लोक दगड घेऊन उभे राहतात. कोणत्या रानात उतरायचं, कुणाला विचारायचं, पाणी कुठल्या अंगाला, हे सगळं केरबांच्या डोक्यात होतं. आणि एका फाइलीत.

ती फाइल कशी झाली, हे त्या घरात सगळ्यांना आठवतं. अजिनाथ मेंढक्याच्या घरातला पहिला बारावी पास. ब्याण्णव साली गुलमंडीजवळच्या एका क्लासात कॉम्प्युटर शिकला. पुढं एका दुकानात मशिनं जोडायला लागला. सायकलच्या कॅरिअरला सीपीयू बांधायचा आणि खड्डा आला की उतरून सायकल हातानं न्यायचा. मग स्वतःचं काम सुरू केलं. सिडकोत ज्यांच्याकडं नवा कॉम्प्युटर यायचा, त्यांच्याकडं तो भरतकामाचं कव्हर पांघरून ठेवलेला असायचा. अजिनाथ दारात चपला काढायचा, कव्हराची घडी घालायचा आणि मगच मशिनला हात लावायचा. निघताना प्रत्येकाला सांगायचा, महत्त्वाचं असेल ते दोन ठिकाणी ठेवा.

दोन हजार चार साली त्यानं जुने भाग जमवून घरासाठी मशिन बांधलं. बायको सुरेखा त्यावर लग्नपत्रिका टाइप करून द्यायची. केरबा शहरातल्या छावणी भागातल्या आठवडी बाजारातून परतताना लेकाकडं चहाला थांबत. एकदा त्यांनी पडद्याकडं बघत सुनेला विचारलं, यात काय काय राहतं? ती म्हणाली, सांगाल ते. त्यांनी चहा संपवला. पुढच्या बाजारी येऊन पहिला तळ सांगितला. तळ म्हणजे कळपाच्या मुक्कामाची जागा. एका बाजाराला एक तळ, असे नऊ बाजार. सुरेखानं एक ओळ वाचून दाखवली की ते मान हलवत, मगच ती पुढं जाई. एकदा तिनं दोन तळ एकदम सांगा म्हटलं तर केरबा म्हणाले होते, मेंढी एका दिसात दोन तळ चालती व्हय?

अजिनाथनं ती फाइल हार्ड डिस्कवर ठेवली आणि एका सीडीवरही घेतली. दोन ठिकाणी.

साडेतीनला मशिन सुरू झालं. जुनी डिस्क दिसली, ‘आबांची वाट’ नावाचं फोल्डर दिसलं. त्यावर टिचकी मारली तर चौकट आली: ॲक्सेस डिनाइड. अजिनाथला त्याचं काही वाटलं नाही. हे तो आठवड्यातून एकदा तरी बघायचा. जुनं विंडोज काढून नवं टाकलं की जुन्या खात्याच्या नावानं बंद केलेली फोल्डरं नव्या खात्याला उघडत नाहीत. त्यानं सिक्युरिटीच्या पानावर मालकाचं नाव बघितलं. नावाच्या जागी नुसता लांबलचक आकडा होता, कारण ते खातंच आता उरलं नव्हतं. त्यानं मालकी स्वतःच्या नावावर घेतली, आतल्या सगळ्या फाइलींना तेच लागू केलं. फोल्डर उघडलं. आत एकच फाइल होती आणि तिचं नाव हिरव्या अक्षरांत होतं.

त्यावर टिचकी मारली तर पुन्हा तीच चौकट.

हिरवं नाव म्हणजे फाइलीला आतून कुलूप. फोल्डर तुमच्या मालकीचं झालं म्हणून ते निघत नाही. त्याची किल्ली जुन्या खात्यात असते, आणि ते खातं त्यानं स्वतःच दोन हजार आठ साली विंडोज नव्यानं टाकताना पुसलं होतं. चार साली ते विंडोज त्याला नवं होतं आणि तो दिसेल त्या चौकोनात बरोबरची खूण करायचा. वडिलांची फाइल कुणाला उघडता येऊ नये म्हणून ही खूणही त्यानंच केली होती. कृष्णानं विचारलं तेव्हा त्यानं हे सगळं आडपडदा न ठेवता सांगितलं. कृष्णा एवढंच म्हणाला, “म्हंजी लोकाईचं दुरुस्त करतो अन् घरचं असं.”

आता सीडी उरली होती. सीडीवर घेताना ते कुलूप सोबत जात नाही, हे अजिनाथला माहीत होतं. ती आईनं ठेवली होती. मंजुळाबाई आतल्या खोलीतून देवाजवळचं बोचकं घेऊन आल्या. त्यात लोकर कातरायची कातर होती, जुन्या वाघुरीचा, म्हणजे मेंढ्यांभोवती लावायच्या जाळीचा, एक तुकडा होता आणि पांढऱ्या पाकिटात सीडी होती. खंडेनवमीला त्या घरात अवजारांची पूजा होते. कातर पूजतात, काठी पूजतात. मालकाची वाट सीडीत आहे म्हटल्यावर मंजुळाबाईंनी सीडीही मांडायला सुरुवात केली. नऊ खंडेनवम्या. दरवेळी ओली हळद, वर ओलं कुंकू. आणि तेही चकाकत्या बाजूला, मधल्या भोकाभोवती, गोल.

सीडीचं लिखाण मधूनच सुरू होऊन बाहेर जातं. अजिनाथनं सीडी उजेडाकडं धरली. मधलं कडं लाल-काळं आणि खरबरीत झालं होतं. ड्राइव्हमध्ये घातली तर ती दोनदा घुरघुरली आणि ड्राइव्हनं सीडीच नाही असं सांगितलं.

“माय, दुसऱ्या बाजूनं लावायचं ना,” अजिनाथ म्हणाला. आवाज चढला नव्हता.

मंजुळाबाईंनी सीडी उलटी करायला लावली. दुसऱ्या बाजूला नऊ वर्षांपूर्वी सुरेखानं मार्करनं लिहिलं होतं: केरबा.

“तिकडं त्यायचं नाव हाय,” त्या म्हणाल्या. “नावावर ओलं कुंकू लावून नाव फिसकटलं असतं म्हंजी? तसं करतं का कोणी?”

पलंगावर केरबांचा अंगठा वर झाला होता. तो कुणाच्या बाजूनं होता, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

सीडी धुवायला पाणी हवं होतं. टँकर दुसऱ्या दिवशी येणार होता आणि हंड्यात प्यायचं तेवढं राहिलं होतं. मंजुळाबाईंनी वाटीभर पाणी दिलं आणि हंड्यावर झाकण ठेवलं. अजिनाथनं त्यात शाम्पूचा थेंब टाकला, सीडीचं कुंकू दहा मिनिटं भिजू दिलं. मग चष्मा पुसायचं कापड घेऊन मधून कडेकडं सरळ पुसलं. गोल पुसलं तर ओरखडा लिखाणाच्याच दिशेनं पडतो आणि मग काही वाचता येत नाही, हे त्यानं गिऱ्हाइकांना शंभरदा सांगितलं होतं. कुंकवाचे पापुद्रे निघाले. हळदीचा पिवळा डाग राहिला, पण लेसरला पिवळ्याची अडचण नसते. अडचण होती ती कुंकवाच्या कणांनी पडलेल्या बारीक चऱ्यांची. त्यावर त्यानं पांढरी टूथपेस्ट बोटानं हलकी फिरवली आणि उरलेल्या पाण्यानं ती धुतली. लाल पाणी सुरेखानं दारातल्या तुळशीला घातलं.

नव्या ड्राइव्हनं तरीही सीडी घेतली नाही. अजिनाथ खाटेखालच्या भंगाराच्या खोक्यातून जुना सीडी रायटर शोधायला लागला. ही सीडी ज्यानं लिहिली होती तोच. दोन हजार चार साली तो विकत आणला तेव्हा गल्लीतले लोक बघायला आले होते. कोऱ्या सीडीवर लिहिताना कुणी जवळून चाललं तरी सुरेखा त्याला थांबवायची, धक्का लागला तर सीडी वाया जाईल म्हणून. आता त्याची केबल सापडायला वीस मिनिटं गेली.

तेवढ्या वेळात कृष्णा शेवटी खाली बसला. त्यानं भावाला विचारलं, शहाऐंशीला तू गेला होता ना आबांसंगं, तुला काहीच कसं आठवत नाय? अजिनाथ तेव्हा चौदा वर्षांचा होता. त्याला आठवत होतं ते असं: घोड्यावर बांधलेली भांडी आणि त्यावर बसून आलेली कोंबडी. कांचनवाडीच्या अलीकडचा माळ, जिथून मागं वळलं की दिवसभर किल्ला दिसायचा. आणि प्रत्येक रानाच्या बांधावर थांबलेले केरबा. आतून हाक येईपर्यंत ते चप्पल हातात घेऊन उभे राहायचे. एकदा दुपारभर उभे होते. हाकेनंतर आत जाऊन कुणाशी काय बोलायचे, ते पोरापर्यंत कधी आलं नाही.

पाच वाजून पाच मिनिटांनी जुन्या रायटरचा दिवा लुकलुकला, विझला, पुन्हा लुकलुकत राहिला. फाइल चार केबीची होती. ती उतरवून घ्यायला तीन मिनिटं लागली. उघडली तर नुसत्या इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला. सुरेखानं ओळखलं, हा तिच्या पत्रिकांचा जुना फाँट. तो तिनं पेन ड्राइव्हवर जपून ठेवला होता. फाँट टाकल्यावर मराठी दिसायला लागलं आणि तिनंच मोठ्यानं वाचायला घेतलं. केरबांनी सांगितल्यावर एकदा वाचलं होतं, तसंच.

“बांधावर उभं राहायचं. हाक आल्याबिगर आत पाय टाकायचा नाय.”

अंगठा वर झाला.

पहिला तळ पडेगाव, दुसरा गोलवाडी, तिसरा कांचनवाडी, चौथा नक्षत्रवाडी. प्रत्येक नावाला केरबांचा अंगठा वर झाला आणि प्रत्येक नावाला कृष्णानं नाही म्हणून मान हलवली. पहिल्या तळावर आता ते बसले होते ती वसाहत होती. दुसऱ्यावर प्लॉटचे दगड होते, तिसऱ्यावर कॉलेजची भिंत होती. चौथ्या रानाच्या मालकानं रान विकलं होतं आणि विहीर बुजवली होती. पाचव्यापासून पुढचं मात्र कृष्णा पुढं सरकून ऐकायला लागला.

“तळ पाचवा. चितेगावच्या पुढं कडुबाचं चिंचेचं रान. विहीर उत्तरेला. आधी त्याच्या म्हातारीला विचारायचं, मग त्याला.” सातव्या तळावर लक्ष्मीबाई होत्या. तिथलं पाणी खारट, मेंढ्यांना चालतं, माणसानं प्यायचं नाही. “तळ आठवा. सर्जेराव. आपली वाघूर अन् बारा खुंट्या त्याच्याकडं ठिवल्यात. मागून घ्यायच्या.” नववा तळ म्हणजे धरणातली हरळी.

वाचन संपल्यावर कृष्णानं हिशेब मांडला. चितेगावच्या पुढपर्यंत अंतर तीस किलोमीटर, कळप रेटला तरी दिवसाला बारा-तेरा चालतो. मधले सगळे तळ गेलेले. निदान दोन रात्री उतरायला जागा नाही, पाणी नाही. मेंढ्या राहिल्या तर पाचव्या तळापासून राहतील, पण पाचव्यापर्यंत पोचायचं कसं?

“फकिराचा टेम्पो उद्या येतोच हाय,” अजिनाथ म्हणाला.

केरबांनी आयुष्यात मेंढी गाडीत चढवली नव्हती. गाडीत चढते ती विकलेली, असं त्यांच्यात होतं. अजिनाथनं पलंगाजवळ बसून त्यांना सगळं सांगितलं. चार तळ नाहीत, रानं गेली, कडुबाचं रान असेल, तिथवर गाडीनं न्यायच्या, पुढं पायी. केरबा भिंतीकडं बघत राहिले. मंजुळाबाईंनी त्यांच्या तोंडाशी पेला धरला, त्यांनी तो घेतला नाही. मग डावा अंगठा चादरीवरून उठला, नेहमीइतका वर नाही, पण उठला.

कृष्णानं आधी व्यापाऱ्याला ‘नाही’ म्हणून कळवलं, मग फकिराला फोन लावून कडुबाच्या रानाचं आणि म्हातारीचं सांगितलं. फकिराला त्याचं काही विशेष वाटलं नाही.

“सातला येतो म्हणलो ना, येतो. जायचं कुठं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण कडुबाची म्हातारी हाय का अजून ते विचारा आधी, नायतर बांधावर उभं कराल मला दिसभर.”

ते विचारायला कडुबाचा नंबर कुणाकडंच नव्हता. कृष्णा म्हणाला, उभं राहू.

अजिनाथनं त्या फाइलीच्या दोन नव्या सीड्या काढल्या, कुठल्याही चौकोनात खूण न करता. कृष्णासाठी एक प्रत कागदावर छापली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली. जुनी सीडी मंजुळाबाईंनी मागून घेतली. खंडेनवमीला कुंकू कुठं लावायचं, असं त्यांनी विचारलं. पाकिटाला, अजिनाथनं सांगितलं. सहा वाजता त्यानं मशिनचा पत्रा बसवला आणि चारही स्क्रू घट्ट केले. कृष्णा मोटरसायकलनं गावाकडं निघाला.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. दौलताबादला फकिराचा टेम्पो सातला, पडेगावात महापालिकेचा टँकर सव्वासातला. टँकर गल्लीच्या तोंडाशी थांबतो आणि ड्रम नंबरानं भरतात. अजिनाथच्या ड्रमचा नंबर अकरा, म्हणून तो मेंढ्या चढवायला गेला नाही, ड्रमापाशी उभा राहिला.