पंचाहत्तर इंचांचं टेबल

मिस्तरीला आयुष्यात गर्व एकाच गोष्टीचा होता. त्याचं माप चुकत नसे. बाकी गर्व करण्यासारखं होतं तरी काय त्याच्याकडे! वय एक्केचाळीस, पुढचे केस पळालेले, डाव्या अंगठ्याचं टोक करवतीने नेलेलं, आणि बोलणं इतकं मोजकं की गिऱ्हाईक दोन प्रश्न विचारून, स्वतःच उत्तरं देऊन निघून जाई. पण दार म्हणा, खिडकी म्हणा, कपाट म्हणा, त्याने बसवलं की बसलं. वीस वर्षांत त्याची एक वस्तू दुकानात परत आली नव्हती.

अशा माणसाचं लग्न ठरलं ते एका टेलरबाईशी.

कसं ठरलं तेही सांगायलाच हवं. मिस्तरी तिच्या दुकानात पँट सैल करून घ्यायला गेला होता. तिने विचारलं, "कंबर किती?" हा म्हणाला, "चौतीस." तिने गळ्यातला टेप काढलासुद्धा नाही. चष्म्यावरून एक नजर टाकली आणि म्हणाली, "असेल चौतीस, दहा वर्षांपूर्वी. आज अडतीस." मोजलं तर अडतीस भरली, वर सूतभरही नाही! तुमचं माप चुकलं असं तोंडावर सांगणारी ती पहिलीच. मिस्तरी घरी आला, धड जेवला नाही, आणि दुसऱ्या दिवशी परत गेला. त्या एका पँटीपायी तो सहा वेळा गेला. सातव्या वेळी त्याची थोरली बहीण, अक्का, बरोबर गेली आणि जे काय बोलायचं ते सरळ बोलून मोकळी झाली.

लग्न पंधरा दिवसांवर आलं तेव्हा दोघांनी मिळून जागा घेतली. तिसरा मजला, बाहेरची खोली, स्वयंपाकघर आणि मागे एक लांबट, चिंचोळी खोली. मालकीण बरोबर खालच्याच मजल्यावर राहायची. शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. सगळी गल्ली तिला गणिताच्या बाई म्हणे, आणि भाडेकरूंनी जिना चढताना पायऱ्या मोजाव्यात अशी तिची अपेक्षा असे.

मग सुरू झाली सामानाची ने-आण. दोन संसार एकत्र करायचे म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. शेगड्या दोन, कुकर दोन, इस्त्र्या तीन. मिस्तरीने स्टुलं आणली अकरा. "अरे, माणसं आपण दोन," ती म्हणाली. "एक एक नमुना आहे तो," मिस्तरी म्हणाला. तिने आणल्या बटणांच्या बरण्या, किती ते विचारू नका, आणि पाच कात्र्या. पहिल्याच दिवशी मिस्तरीने त्यातल्या एकीने पुठ्ठा कापला. त्यानंतर तिने जे तोंड सोडलं ते तिसऱ्या मजल्यावरून खाली गणिताच्या बाईंना ऐकू गेलं. संध्याकाळी सगळ्या कात्र्यांना लाल दोरा बांधला गेला. लाल दोरा म्हणजे हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी मिस्तरीने आपल्या पटाशीला आणि रंध्याला तसाच लाल दोरा बांधला. ती खो खो हसली. दोघांचं असं मजेत चाललं होतं.

घोडं अडलं ते टेबलापाशी.

ते टेबल तिच्या आईचं. कापड बेतायचं. जुन्या दरवाजाच्या फळीपासून केलेलं, भलंथोरलं. पुढच्या काठावर एका टोकापासून आईने चाकूने इंचाइंचावर खाचा पाडलेल्या होत्या. टेप न लावता ती त्यांच्यावर कापड मोजायची. दुसऱ्या टोकाला इस्त्रीचा काळा डाग होता. तो टेलरबाईने नवव्या वर्षी पाडलेला, आणि त्याबद्दल आईने मारायच्या ऐवजी तिला त्या डागाशेजारी बसवून पहिली शिवण शिकवली होती. आई जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून ती त्या टेबलावरच काम करत होती.

टेलरबाईचं लग्न पूर्वी एकदा ठरून मोडलं होतं, तेही या टेबलावरून. त्या घरचे लोक म्हणाले, मशीन आणा, टेबल कुठे ठेवायचं? फारच हौस असेल तर कापून अर्धं आणा. तिने टेबल ठेवलं आणि माणूस सोडला. हे तिने मिस्तरीला तिसऱ्याच भेटीत सांगितलं होतं, इस्त्री फिरवता फिरवता, वर न बघता. मिस्तरी त्यावर एवढंच म्हणाला होता, "टेबल मी बसवतो."

आता तिच्या वडिलांनी, अण्णांनी, घर विकलं होतं. ते मुलाकडे राहायला निघाले होते. रविवारी चार वाजता किल्ली द्यायची. टेबल नव्या जागेत बसलं तर बसलं, नाहीतर घराचा नवा मालक ते मागच्या पत्र्याखाली टाकणार होता, पावसापाण्यात.

जागा एकच होती. मागच्या खोलीत, खिडकीखाली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवं. भिंती मिस्तरीने मोजल्या, साडेत्र्याहत्तर इंच. टेबल तिने मोजलं आणि खडूने चिठ्ठीवर आकडा लिहून त्याच्या हातात दिला, 'टेबल ७५.'

दीड इंच! दीड इंच म्हणजे सुताराच्या हिशेबात डोंगर.

तुम्ही म्हणाल, मग स्वतः जाऊन एकदा मोजायचं की! तर तसं करायची सोय नव्हती. तिने शिवलेल्या पहिल्या शर्टाच्या कॉलरला मिस्तरीने सवयीने टेप लावून पाहिला होता. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी तुझ्या खुर्चीवर बसायच्या आधी ती हलवून बघते का?" त्या दिवसापासून तिचं माप म्हणजे माप, असं मिस्तरीने मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्याने अक्काला गाठलं. अक्का ऐकून घेऊन म्हणाली, "एवढंच ना? काप दोन इंच. सुतार आहेस का कोण आहेस? कुणाला कळतंय!"

"कुठून कापू? एका टोकाला आईच्या खाचा, दुसऱ्या टोकाला तिचा डाग."

"मग तिला सांग, बसत नाही म्हणून."

सांगायचं, आणि मग तिने मिस्तरीकडे कसं बघायचं? त्या आधीच्या माणसाकडे बघितलं असेल तसं? तो आठवडाभर झोपेत आकडे बडबडत होता असं अक्का पुढे सगळ्यांना सांगत सुटली. खरं-खोटं तिलाच ठाऊक.

बुधवारी मिस्तरी खाली गेला, गणिताच्या बाईंच्या दारात उभा राहिला, आणि आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण त्याने केलं. भिंतींचा गिलावा जुना आहे, जाड आहे, दोन्ही बाजूंनी एकेक इंच खरवडला तर भिंतीला काही होत नाही, वरून पातळ हात मारून, रंग देऊन पहिल्यासारखं करून देतो, फक्त तिला कळता कामा नये.

बाईंनी चष्मा काढला. "लग्नाआधीच भिंती फोडायला निघालात?"

"टेबल बसायला हवं, बाई."

"आणि टेबल नाही बसलं तर?"

मिस्तरी म्हणाला, "तर मी बसवतो म्हणालो होतो, ते खोटं पडेल."

बाईंचं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं. "माझ्या स्वयंपाकघराचं दार चार वर्षं घासतंय," त्या म्हणाल्या. "तेवढं आधी करा."

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. मिस्तरी आणि त्याचा गवंडी मित्र दुपारी खोलीत शिरायचे आणि ती दुकान बंद करून यायच्या आत धूळ झाडून बाहेर पडायचे. खोलीला कुलूप का, म्हणून तिने विचारलं तर हा म्हणाला, "रंग ओला आहे." खोटं नव्हतं तसं. शनिवारी त्याने माप घेतलं, साडेपंचाहत्तर. अर्धा इंच राखून! तो एकटाच त्या रिकाम्या खोलीत उभा राहून हसला. भिंतीसुद्धा माणसाचं ऐकतात म्हणायच्या.

रविवारी टेबल आलं. मिस्तरीने पाय सोडवून फळी वेगळी केली, आणि गवंड्याने, त्याने, तिच्या भावाने मिळून ती उभी धरून जिन्यातून चढवली. "डावीकडे! अरे तुमचं डावं नाही, माझं डावं!" असं ओरडत टेलरबाई मागून चढत होती, तिच्यामागे अक्का. वरच्या पायरीवर अण्णा धापा टाकत खिळ्यांची डबी घेऊन उभे होते. खरं तर फळी हातात घेतल्या घेतल्या मिस्तरीला अंदाज यायला हवा होता. पण जीव टांगणीला लागलेल्या माणसाचा अंदाज चालतो कुठे! त्याचे डोळे खिडकीवर होते.

पाय जोडले. टेबल सरळ केलं. सगळ्यांनी मिळून हळूच आत सरकवलं. एका भिंतीला ते जाऊन टेकलं.

दुसऱ्या बाजूला अडीच इंच फट राहिली.

मिस्तरी फटीकडे बघत होता. त्याने खिशातून टेप काढला, टेबलाला लावला, आणि टेप आखडून परत लावला. त्र्याहत्तर.

"तू पंचाहत्तर लिहिलं होतंस," तो म्हणाला. आवाज त्याचाच आहे की नाही अशी शंका यावी इतका बारीक.

"लिहिलं होतं की. माया धरून."

"काय धरून?"

"माया! शिवणीच्या आत जादा कापड सोडतो ते. दोन्ही बाजूंना एकेक इंच. कुठलंही माप लिहिलं की मी माया धरूनच लिहिते, हाताला सवयच ती."

"टेबलाला कसली शिवण?"

"मग विचारायचं ना, सोडून की धरून!" ती उसळली. "आणि ही फट एवढी कशी? तू साडेत्र्याहत्तर म्हणाला होतास. मग अर्धा इंच राहायला हवा. तुझंही माप चुकलं म्हणजे!"

मिस्तरीने मान खाली घातली. दारात गणिताच्या बाई उभ्या होत्या, नव्या बिऱ्हाडाला पाणी हवं का विचारायला आलेल्या. त्यांच्याने राहवेना.

"त्याचं काही चुकलेलं नाही," त्या म्हणाल्या. "साडेत्र्याहत्तरात त्र्याहत्तर मुळातच बसत होतं. या शहाण्याने तुमचा आकडा खरा धरला आणि तीन दिवस बसून माझ्या भिंती खरवडल्या. दोन इंच. टेबल कापायचं नाही म्हणून. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून."

टेलरबाईने भिंतीला हात लावला. रंग नवा होता. कोपऱ्यात अजून थोडी धूळ होती. मग तिने मिस्तरीकडे पाहिलं.

"करवत तुझ्या हातात," ती म्हणाली. "टेबल लाकडाचं. आणि तू भिंत फोडलीस?"

"टेबलाला लाल दोरा होता," मिस्तरी म्हणाला.

टेबलाला दोरा वगैरे काही नव्हता. तिला हसू फुटलं आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेचना. पदर नाही, रुमाल नाही, शेवटी तिने गळ्यातल्या टेपनेच डोळे पुसले. अण्णा खिळ्यांची डबी हातात तशीच धरून तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागले. अक्का म्हणाली, "बघितलंत? आणि मी याला कापायला सांगत होते. काय बाई मी तरी!"

थोडं सावरल्यावर मिस्तरीचं लक्ष पुन्हा फटीकडे गेलं. सुतारच तो, फट बघवते थोडीच! तो कोपऱ्यातली एक लाकडी पट्टी उचलून फटीत धरून बघू लागला. "हात लावू नकोस," ती म्हणाली. "राहू दे."

"उघडी?"

"उघडी. आई म्हणायची, आत दोन बोटं सोडत जा. अंगाला घट्ट बेतलेला कपडा पहिल्या दिवशी छान दिसतो. पण माणूस काय पहिल्या दिवसाएवढंच राहतं?"

मिस्तरीने पट्टी परत कोपऱ्यात ठेवली. वीस वर्षांत त्याने स्वतःहून उघडी ठेवलेली ती पहिली फट. टेलरबाईने त्या फटीत आईची लाकडी गजपट्टी उभी सरकवून ठेवली आणि तरी जागा उरलीच.

चार वाजता अण्णांनी घराची किल्ली दिली आणि आले ते या टेबलापाशीच येऊन बसले, अकरापैकी एका स्टुलावर. चहा झाला. मग तिच्या रिळांसाठी वर एक फळी मारायची म्हणून मिस्तरीने वहीत लिहायला घेतलं. "लांबी सांग," तो म्हणाला. तिने भिंतीकडे बघून अंदाजाने सांगितलं, "चाळीस."

मिस्तरीची पेन्सिल कागदावर टेकलेली होती. त्याने ती उचलली.

"धरून की सोडून?" त्याने विचारलं.

"विचारलंस!" ती ओरडली, इतकी की खालून बाईंनी काठीने छत ठोकलं. "अण्णा, ऐकलंत ना? विचारलं याने!"

आजही त्या घरात कुणी कितीही साधी गोष्ट सांगितली, सहाला येते म्हणालं, दोनच पोळ्या पुरे म्हणालं, तर समोरून पहिल्यांदा हाच प्रश्न येतो. आणि ती सहाला येते म्हणाली की मिस्तरी साडेसहाला चहा टाकतो.