बैठकीतली चूल

तिकडे अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडे आमच्या अकोल्यात कापूस सोन्याच्या भावाने विकू लागला. माझे वडील कापसाचे दलाल. हाती पैसा आला तसं त्यांनी मातीचं घर सोडून विलायती नमुन्याच्या नव्या ओळीत घर घेतलं. घराला घर चिकटलेलं, मधली भिंत सामाईक, दारं सगळी सारखी आणि छपराला असा उतार की त्यावरून बर्फ घसरून जावं. वैशाखात आईने तिथे वाळत घातलेल्या कुरडया तेवढ्या घसरल्या.

पण खरं भांडण झालं ते बैठकीच्या भिंतीतल्या चुलीवरून. तिचं धुराडं थेट छपराबाहेर निघालेलं.

"पाहुण्यायसमोर भाकरी थापू काय?" आईने विचारलं.

"ते रांधाले नसते, शेकाले असते," घाम पुसत वडील म्हणाले.

भिंतींना दुसरा कोनाडाच नव्हता, म्हणून आईने त्या चुलीत देव मांडले. धुराड्यातून वारा यायचा आणि दिवा विझायचा. लग्न होऊन ती आली त्या वर्षी बैल मेला होता, तेव्हापासून सासूने तिच्या पायगुणाला नावं ठेवलेली. आता नव्या घरातही दिवा टिकेना, तशी ती पार हबकली.

"आज विझला तर मी जुन्या घरी चालली," म्हणत तिने बोचकं बांधलं.

वडील घाबरले. धुराडं बुजवायला घरात चिंधी सापडेना, म्हणून नमुन्याच्या कापसाचं पोतं घेऊन शिडीने छपरावर चढले. साहेब ज्याला बोटीत घालून विलायतेला नेतो तो कापूस त्यांनी धुराड्यात कोंबला. खाली दिवा विझलाच. आईने बोचकं उचललं.

तेवढ्यात शेजारीण वाटीत साखर घेऊन दारात आली. तिचेही देव चुलीतच होते.

"बाई, तुमचा पायगुण मोठा! तुमी शेजारी आल्या अन् आज आमचा दिवा पयल्यांदा टिकला!"

वडील शिडीवरून उतरत होते, मिशीत कापूस. वर दोन्ही घरांची धुराडी जुळ्यासारखी शेजारी उभी होती आणि त्यांनी नेमकं परक्याचं बुजवलं होतं. आईने मिशीकडे पाहिलं आणि ती सगळं समजली. बोचकं खाली ठेवून तिने साखर तोंडात टाकली. तिचे डोळे भरून आले होते, मला मात्र हसू आवरेना.

शेजारीण गेल्यावर वडील हळूच म्हणाले, "तो कापूस काढून आपल्या धुराड्यात घालतो. लय महाग आहे."

"आपल्यात दुसरा घाला," आई म्हणाली. "त्याले हात नोका लावू. तो माहा पायगुण आहे."